गुरम्माचा भोपळा

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ जुलै २०२४

बिरूस तानाआक्काचा आशीर्वाद.

फोन करायचं मी आता सोडलं. मी हिकडं बोंबलून सांगते, तू तिकडं "कोन? कोन?" करतोस आन् शेवटी तुझी सून दिपाली फोन काढून घेती. कान गेलं तरी डोळं शाबूत हायत तुझं, म्हणून कागद घेतलाय. दुधाच्या गाडीवरचा शिवप्पा रोज मोहोळवरनं हितं येतो, त्याच्याजवळ देत जाईन. तू पण उत्तर त्याच्याजवळच दे. "वेळ न्हाय" लिहू नको, तुझा वेळ कसा जातो ते मला सगळं कळतंय.

गुरम्माला जाऊन वर्ष होत आलं. दिपाली सांगती, मामा जेवायपुरतं उठतात आन् परत बाजंवर आडवं होतात. मेंढरं विकलीस, मोहोळचा बाजार सोडलास, देवळात सुदिक जात न्हाईस. बायको गेल्यावर दुःख करावं, मी काय नको म्हणत न्हाय. पर बाजंला मूळ फुटंपतूर पडून राहू नये.

आता कामाचं. पंधरा दिवसांखाली ट्रंक आवरताना फडक्याची एक गाठ सापडली. आत भोपळ्याच्या पाच बिया. गुरम्मानंच दिलेल्या, तिच्या कुंभारी गावच्या माहेरातल्या. "वन्सं, ही कुंबळकाई उचलाय दोन माणसं लागतात" म्हणली होती. कुंबळकाई हे तिचं कानडी, आपण भोपळा म्हणायचं. दिपालीला इचारलं, तुमच्याकडं ते बी हाय का. ती म्हणली, आत्या, गेल्या साली कुणी बी धरलंच न्हाय. म्हणजे जगात ह्या पाचच.

परसात लावल्या. तीन उगवल्या, त्यातल्या दोन उंदरानं खाल्ल्या. एक उरलाय. मी शाळेत भोपळं लई मिळवलं, लावलं कधीच न्हाईत. काय करायचं ते सगळं लिहून कळव. हा वेल मेला तर गुरम्माचं बी बुडालं असं समज.

तुझी आक्का


वस्ती, ता. मोहोळ
५ जुलै

आक्कास नमस्कार.

कागद मिळाला. दिपालीच्या चहाड्या ऐकत जाऊ नको. मी बरा हाय.

भोपळ्यातलं मला काय कळतंय. वर्षातलं आठ म्हयनं मी मेंढरामागं. तिनं लावायचा, तिनं वाढवायचा, मी घरी आलो की फकस्त खायचा.

तरी एवढं ठाव हाय की ती आळ्यात लेंडीखत घालायची. ताजं न्हाय, जुनं कुजलेलं. ताज्यानं मूळ जळतं. आपल्याकडं आता लेंडी कुटली, म्हणून भिमाच्या मेंढरांच्या वाड्यावरनं एक पोतं भरून आणलं आन् शिवप्पाच्या गाडीत टाकलंय. पाणी बुडाला घाल, पानावर न्हाय.

वेलाला ऊन किती येतं ते कळव. न्हाय कळवलं तरी चालंल.

बिरप्पा


शुक्रवार पेठ
१२ ऑगस्ट

बिरूस आशीर्वाद.

पोतं पोचलं. भिमाचा वाडा तुझ्या घरापासनं चांगला अर्धा कोस, आन् तू चालत गेलास म्हणं. मी त्यावर काय बोलत न्हाय.

वेल लई मातलाय. न्हाणीच्या पत्र्यावर चढला, तितनं भिंतीवरनं शेजारच्या सोमेशच्या अंगणात उतरला. हा सोमेश कांद्याच्या अडतीवर काट्यावर असतो. रोज सकाळी इचारतो, मावशी, भाडं कुणी कुणाला द्यायचं. मी म्हणलं, फळ तुझ्या बाजूला लागलं तरी माझंच, आधीच सांगून ठेवते.

पर दुखणं येगळंच हाय. इवलं इवलं भोपळं धरतात, चार दिवसांत पिवळं पडतात आन् गळतात. सात गेलं. कारण मला गावलंय. वरच्या खोलीत ऋतुजा म्हणून भाडेकरीण हाय, नर्सिंगला शिकती. पहिल्याच दिवशी गच्चीवरनं बोट करून मोजलं तिनं, "आजी, एक, दोन, तीन." भोपळ्याला बोट दाखवलं की तो सडतो हे शेंबड्या पोराला ठाव असतंय, आन् ही माणसांना सुया टोचणार. आता अख्ख्या गल्लीला सांगितलंय, दाखवायचंच असंल तर बोट मुडपून दाखवा. लोकांनी मनावर घेतलंय. सोमेश तर आता पत्ता सांगताना पण बोट मुडपून सांगतो.

पर गळायचं काय थांबंना. गुरम्मा काय करायची ते आठव जरा.

आक्का


वस्ती
१४ ऑगस्ट

आक्कास नमस्कार.

त्या पोरीला बोलू नको. तिच्या बोटाचा काय संबंध न्हाय. पेठेत मधमाशी कुटनं येणार, त्याच्यानं फळ गळतंय.

फुलं दोन जातीची असतात. लांब सडक देठाचं ते नर. बुडाला इवला भोपळा असलेली ती मादी. सकाळी सातच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आन् आतली दांडी मादीच्या पोटात हलक्या हातानं घोळवायची. दिवस वर आला की फूल मिटतं, मग काय उपेग न्हाय.

हे मला कसं ठाव? एकदा ती हे करत होती आन् मी बघून हसलो होतो. माझ्याशी चार दिवस बोलली न्हाय.

फळ धरलं की लगेच कळव.

बिरप्पा


शुक्रवार पेठ
९ सप्टेंबर

बिरूस आशीर्वाद.

लग्न लागलं. सोळा ऑगस्टला, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. मी आपलं गुपचूप उरकणार होते, पर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग तशी गल्ली आधीच हजर. रिमझिम होती म्हणून ऋतुजानं छत्री धरली. सोमेशनं अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या डोक्यात. शेजारणीनं तर मंगलाष्टक म्हणलं. मला लाज वाटली, पर घोळवायचं काम सोडलं न्हाय.

तीन मादी फुलं होती, एकच धरलं. पर काय धरलंय म्हणून सांगू. चोवीस दिवसांत रांजणाएवढं झालंय. ऋतुजाला मी गूळ-शेंगदाणं देऊन चुकले म्हणलं. ती म्हणली, आजी, मी तरी आता बोट मुडपूनच दाखवणार.

इंच-फूट मला समजत न्हाईत. म्हणून भोपळ्याच्या कंबरेला सुतळी गुंडाळून तेवढीच तोडून संगं पाठवलीय. तूच बघ.

आक्का


वस्ती
११ सप्टेंबर

आक्कास नमस्कार.

सुतळी मिळाली. घरातल्या पितळी हंड्याला गुंडाळून बघितली, उरली. मग पिठाच्या कोठीला गुंडाळली, तितं पण बोटभर उरली. दिपालीला वाटलं मला येड लागलं. तिला सांगितलं तवा ती पण बघाय लागली.

आता नीट वाच. दुसरं एक पण फळ ठेवू नको, शेंडं खुड. सगळा जीव ह्या एकात जाऊ दे. फळाखाली चार इटा मांड, त्यावर फळी, फळीवर कोरडा कडबा. भुईची ओल लागली की भोपळा खालनं जातो आन् वरनं कळत न्हाय. कडबा सोडून खाली दुसरं काय घालू नको.

दर आठवड्याला सुतळी पाठव. काल भिमा आला होता, त्याला पण दाखवली. तो म्हणला थापा मारतोस. पुढची घेऊन मीच त्याच्याकडं जाणार हाय.

बिरप्पा


शुक्रवार पेठ
१ ऑक्टोबर

बिरूस आशीर्वाद.

ही चौथी सुतळी. आता माझ्या दोन हातात मावत न्हाय. फळी घातलीय, वर झ्याक बसलाय. सोमेशनं नुसत्या नजरंनं चाळीस किलो सांगितलं, आन् काट्यावरच्या माणसाची नजर चुकत न्हाय. कुणाकुणाची पावणीरावळी बघाय येतात. काल एक नवरा-नवरी देवदर्शन करून सरळ माझ्या परसात आली, भोपळ्याशेजारी फोटो काढला आन् मला वाकून नमस्कार केला. म्हातारपणी नशीब उघडलं बघ.

वीस तारखेला मैदानावर परसबागेचं प्रदर्शन हाय. ऋतुजानं माझं नाव घातलं. पहिल्या नंबराला कुकर देतात आन् पेपरात फोटो येतो. कुकर मला नको, दोन हायत. फोटो पायजे. अडुसष्ट वर्षांत माझं नाव रेशनकार्ड सोडून कुटं छापून आलं न्हाय.

त्यानंतर कापायचा. आन् कापायला तू यायचंस. अख्ख्या भोपळ्यावर बाईमाणसानं पहिला वार करायचा न्हाय, ही रीत काय मी तुला सांगाय नको. आमच्या ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पोरगा कुमार मस्कतला. सोमेश तयार हाय, पर गुरम्माच्या भोपळ्याला परक्या माणसानं कोयता लावायचा व्हय? मग बी काढायचं, निम्मं तुझं, निम्मं माझं. एकवीस तारखेला सकाळी ये. शिवप्पाच्या गाडीत पुढची शीट मी सांगून ठेवली हाय.

आक्का


वस्ती
३ ऑक्टोबर

आक्कास नमस्कार.

मला येणं जमायचं न्हाय. रागावू नको.

माणसात गेलं की कोण काय बोलतंय ते कळत न्हाय. मागं बँकेत गेलो तर साहेबानं तीनदा इचारलं, मी तीनदा भलतंच सांगितलं, रांगंतली माणसं हसली. आन् दुसरं म्हणजे, तुझ्या घरी मी कवा एकटा आलोय? ती पुढं, मी मागं. एकट्याचा पाय उचलत न्हाय.

कापायचं म्हणशील तर मी लागत न्हाय. तुला एक सांगतो, दिपालीला पण ठाव न्हाय. चाळीस वर्षांत तिचा एक पण भोपळा मी कापला न्हाय. भोपळं पिकायच्या टायमाला मी मेंढरं घेऊन लांब कुटंतरी असायचो. मग ती भोपळा कट्ट्याच्या कडंला ठेवायची आन् हळूच कोपरानं ढकलायची. भोपळा आपणहून पडला, आपणहून फुटला, बाईनं काय वार केला न्हाय. रीत पण राहिली आन् भाजी पण झाली. तू पण तसंच कर.

सुतळी मात्र पाठवत जा.

बिरप्पा


शुक्रवार पेठ
१० ऑक्टोबर

बिरूस आशीर्वाद.

सगळं बरं हाय. तू येत न्हाईस तर नको येऊ, माझं काय अडत न्हाय. देठ वाळून लाकडासारखा झालाय, रंग पण भाजलेल्या इटंसारखा आलाय. सुतळी पाठवलीय, मागच्यापेक्षा दोन बोटं जास्तच भरली. प्रदर्शनाला आता दहाच दिवस राहिले. हितं सगळी मजेत.

आक्का


वस्ती
११ ऑक्टोबर

आक्कास नमस्कार.

देठ वाळला म्हणतीस आन् सुतळी दोन बोटं वाढली. देठ वाळल्यावर भोपळा वाढत न्हाय. आजवर तू एवढा बारका कागद मला कधी लिहिला न्हाईस, त्यात एका माणसाला पण शिवी न्हाय. आधीच्या चारी सुतळ्या हिच्याशेजारी ठेवून बघितल्या. पाचवी नवीन हाय, तिच्यावर गुंडाळल्याचा मळ न्हाय, भोपळ्याला लागलेलीच न्हाय ती.

काय झालंय ते खरं लिही. शिवप्पाला थांबवून ठेव आन् आजच लिही.

बिरप्पा


शुक्रवार पेठ
१२ ऑक्टोबर

बिरू,

तू मेंढरं मोजून आयुष्य काढलंस, तुझ्यापुढं दोन बोटांची चोरी कशी खपंल. सांगते.

भोपळा खालनं मऊ पडलाय. तळहाताएवढा डाग. आठ दिवस झालं मला ठाव हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप बसले.

चूक माझी. कडबा पेठेत मिळंना, आन् मिळाला असता तरी एवढं जड अंग नुसत्या कडब्यावर कसं ठेवायचं, टोचंल की. म्हणून माझी जुनी वाकळ चौघडी करून फळीवर घातली. पोराला घालतो तशी. ती वाकळ पावसाचं पाणी पिऊन बसली, सुकलीच न्हाय. तू बजावलं होतंस. तुझं ऐकलं असतं तर थोरलेपण कमी झालं असतं ना माझं.

आन् डाग दिसल्यावर तरी कापून बी काढायचं, तर तेही केलं न्हाय. वीस तारखेपतूर टिकंल, डाग खालनं हाय, कुणाला दिसायचा न्हाय, फोटो येऊन जाईल असा हिशेब केला. गुरम्माचं शेवटचं बी पणाला लावलं, पेपरातल्या फोटोसाठी. मला माझीच लाज वाटती. प्रदर्शनातनं नाव काढलं काल. ऋतुजा म्हणती डाग रोज बोटभर पसरतोय, बियापतूर पोचला की संपलं.

ढकल म्हणतोस, तर ढकलून बघायचा इचार केला. पर मऊ बाजूनं फुटला तर घाण आन् बी एक होईल. कोयत्यानंच, वरच्या बाजूनं कापाय पायजे. सोमेश हाय. रीत काय, सोमेश पुरुषच हाय. त्याला सांगितलं तर आत्ता येऊन कापंल.

पर तुझा तो कागद मी रोज वाचते. चाळीस वर्षं ती कोपरानं ढकलत राहिली. का ढकलायची? लोकांना दाखवाय न्हाय, रानात कोण बघतंय. दर साली ती वाट बघत असंल रे, औंदा मेंढरं लवकर परत येतील, औंदा मालक घरात असतील. आन् न्हाईच आलास की मग ढकलायची. मी बाई हाय, मला हे कुणी सांगाय लागत न्हाय.

एकदा तरी तिचा भोपळा काप, बिरू. हाच एक राहिलाय.

मी सोमेशला उद्या सांजपतूर थांब म्हणलंय. त्याच्यापुढं थांबता यायचं न्हाय.

आक्का


शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ ऑक्टोबर

चि. सौ. दिपालीस मामांचा आशीर्वाद.

काल पहाटे न सांगता निघालो, घरात शोधाशोध झाली असंल. चूक झाली. सांगितलं असतं तर तुमी लई आनंद केला असता आन् मग माझा पाय परत मागं आला असता. शिवप्पाच्या गाडीत दुधाच्या कॅनाशेजारी बसून आलो. तो वाटभर बोलत होता, मी वाटभर मान हलवली. त्याला काय फरक पडला न्हाय.

आक्का दारातच उभी होती. मला हाताला धरून परसात नेलं.

पोरी, एवढा भोपळा मी आयुष्यात बघितला न्हाय. सुतळीवरनं अंदाज होता, तरी समोर बघून खाली बसलो. सोमेशनं कोयता आणून हातात दिला. गल्ली जमली होती, सगळी काय काय बोलत होती. मी कोयता उचलला आन् हात खालीच येईना. मग आक्का कानाला तोंड लावून वरडली.

"ती काय आता रुसायची न्हाय, बिरू. मार."

मारला. पहिला वार तिरका गेला. दुसरा नीट बसला आन् भोपळा कर्रकन उघडला. आत केशरी गच्च. तो वास आला, आमच्या घरात यायचा तोच, आन् मला रडू फुटलं. थांबवलं न्हाय. गल्लीतल्या बायका पण रडाय लागल्या, त्यांना काय ठाव होतं देव जाणे. ऋतुजानं पाणी आणून दिलं.

डाग बियापासनं दोन बोटांवर येऊन थांबला होता. उद्यावर गेलं असतं तर गेलंच होतं. खालचा भाग काढून टाकला. बाकीचा सोमेशनं तुकडं करून काट्यावर घातला, छत्तीस किलो भरला. गल्लीत घरटी फोड दिली. रात्री सगळ्या घरांत भोपळ्याचीच भाजी. आक्कानं घारगं केलं, गूळ जरा जास्त झाला, पर मी तसं म्हणलो न्हाय.

बिया तीनशेच्या वर निघाल्या. राखेत चोळून गच्चीवर वाळत घातल्यात. हितं खारी लई हायत, आन् आक्का राखणीला बसली की शेजारणीशी बोलाय लागती. म्हणून मीच बसतोय. आठ-दहा दिवस लागतील. माझं दुसरं धोतर, दोन सदरं आन् कपाटात ते कानाचं मशीन हाय ते शिवप्पाजवळ पाठव. मशीनला सेल लागतो, तो पण बघ. हितली माणसं माझ्याशी बोलाय येतात आन् मला त्यांचं निम्मंच कळतंय.

पेपरवाला काय आला न्हाय. पर ऋतुजानं फोटो काढलाय, आक्का आन् मी, मधी भोपळ्याचं दोन भाग. आक्का तो चौकटीत घालून भिंतीला लावणार हाय. त्यात तिनं तोंड लई गंभीर केलंय.

काल जेवताना ती म्हणली, गुरम्मा असती तर आज किती खूश झाली असती. मी म्हणलो, कशाची खूश, गुरम्मानं आधी त्या तिरक्या वारावरनं माझी सालं काढली असती. एवढी वर्षं बोलावलं आन् आलात तर हे असं कापलंत व्हय, म्हणली असती. आमी दोघं ताटावर बसून लई येळ हसलो. वर्षात पहिल्यांदा गुरम्माचं नाव घेतलं बघ मी, दिपाली, आन् घास खाली गेला.

तुझा
मामा